वाजवला, खणखणीत आहे

३ मार्च, सोमवार

१५०/९५.

ही वही डॉक्टरांनी रक्तदाबाचे आकडे लिहायला दिली. बायको म्हणाली, "आकड्याखाली काय काय खाल्लं तेही लिहा, म्हणजे चोरी पकडता येईल." खाल्लेलं लिहायची माझी तयारी नाही. पण आज आकडा का चढला ते मला ठाऊक आहे आणि घरात ते कुणाला सांगता येणार नाही, म्हणून इथे लिहितो.

आमचा धारेचा कारखाना. छापखान्यांची कागद कापायची पाती, कापड कापायच्या सुऱ्या, जे बोथट येईल त्याला धार लावून परत पाठवायचं. आता सगळं लेक बघते. मी केबिनमध्ये खुर्ची उबवतो आणि यंत्रांचे आवाज ऐकतो. कुठलं बेअरिंग महिनाभरात जाणार ते मी बसल्या जागी सांगतो, म्हणून अजून मला कुणी घरी बसवलेलं नाही.

दुपारी लेक आली. म्हणाली, "बाबा, ओळखा कोण सापडलं."

"कोण?"

"लंबूकाका."

"कोण लंबू?" मी म्हणालो. सत्तावन्न वर्षांचा माणूस किती चटकन खोटं बोलतो.

"अहो, तुमचा लंबू. आपला लंबू. शाळेत शिपाई होते म्हणे, आता निवृत्त झालेत. बावीस तारखेला सुरक्षिततेचा तास आहे ना, त्यात ते स्वतः सांगणार आहेत त्यांचं काय चुकलं होतं. मी विचारलं आणि ते हो म्हणाले. कारखान्याच्या इतिहासाचं पुस्तक काढतेय ना, त्यातही त्यांचा फोटो घालू."

आपला लंबू. याचा खुलासा करायला हवा. यंत्रावर जे गोल चाक फिरतं आणि धार लावतं, त्याला आम्ही दगड म्हणतो. दगड बसवला की नट बेताने आवळायचा. जास्त आवळला तर दगडाला चीर जाते आणि फिरता फिरता तो फुटतो. आमच्याकडे याला 'लंबू करणं' म्हणतात. नवीन माणूस आला की फोरमन पहिल्या दिवशी सांगतो, नट हलक्या हाताने, लंबू करू नकोस. कित्येकांना तो यंत्रकामातलाच शब्द वाटतो. मागे एकदा भलत्याच कारखान्यातल्या माणसाच्या तोंडून मी तो ऐकला. शब्द पार तिथवर पोचला होता.

तो शब्द मी पाडला.

४ मार्च, मंगळवार

१५८/९८. कारखान्यात गेलो नाही. बायकोला सांगितलं, पोट बिघडलंय. तिने पोटाचं औषध दिलं. घेतलं. कडू होतं.

७ मार्च, शुक्रवार

लिहून टाकतो.

लंबू आणि मी एका गल्लीतले, एका बाकावरचे. तो उंच, मी बुटका. तो लंबू, मी बारक्या. आमचा एक खेळ होता. एकाने डोळे मिटायचे, दुसऱ्याने काठीने काहीतरी वाजवायचं: नळ, बादली, दार, पिंप. मिटलेल्याने ओळखायचं. मी कधी चुकलो नाही. लंबू मुद्दाम चुकायचा, कारण त्याला माझं शेखी मिरवणं बघायला आवडायचं. हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं.

चौदाव्या वर्षी एकाच दिवशी शाळा सोडून एकाच मिस्त्रीकडे कामाला लागलो. दगड यंत्रावर चढवायच्या आधी वाजवून बघायचा, ही मिस्त्रीची शिस्त. एकाने दगड भोकातून बोटावर लटकवायचा, दुसऱ्याने स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीने हळूच टिचकी मारायची. चांगला दगड खणखणीत वाजतो. आत चीर असेल तर बद्द वाजतो. कान माझा तिखट म्हणून टिचकी मारायचं काम माझ्याकडे. लंबूकडे दगड धरायचं आणि चढवायचं.

त्या दिवशी सकाळी नवा दगड कोठीतून आणताना माझ्या हातून पडला. कुणी पाहिलं नव्हतं. आठवड्यापूर्वीच एक पातं मोडलं म्हणून मिस्त्रीने बजावलं होतं, पुन्हा काही मोडलंस तर घरी बस. घरी बाप अंथरुणाला खिळलेला. लंबूने दगड बोटावर धरला, मी टिचकी मारली.

बद्द वाजला.

मिस्त्री दारातून ओरडला, "वाजवला का रे?"

मी म्हणालो, "वाजवला, खणखणीत आहे."

लंबूने चढवला. मिनिटभर फिरला असेल. त्याचा डावा डोळा गेला.

लंबूला घेऊन गेले आणि तासाभराने मिस्त्रीने मला विचारलं, कसं झालं? तोपर्यंत माझा विचार झाला होता. म्हटलं, "त्याने नट फार आवळला."

पहिलं खोटं घाबरून बोललो. दुसरं विचार करून. मला जो त्रास होतो तो या दुसऱ्याचा.

दवाखान्यात एकदा गेलो होतो. फाटकाशी रजिस्टर घेऊन बसलेल्या माणसाने विचारलं, "कोण लागतो तुझा?" मी म्हटलं, कोणी नाही. मग कशाला आत सोडतात. परत आलो. पुढे लंबूचं काम माझ्याच अंगावर पडलं, पुन्हा जायला जमलं नाही.

लंबू पुन्हा कामावर आला नाही. मिस्त्री म्हातारा झाला तेव्हा गिऱ्हाइकं माझ्या हाती सोपवून गेला. पुढचं सगळं लेकीच्या पुस्तकात आहे.

१२ मार्च, बुधवार

लंबू कारखाना बघायला आला. चष्म्याची डावी काच काळी, उजवा डोळा तसाच हसरा. वाकला नाही अजून, दाराच्या चौकटीखालून मान तिरकी करूनच आत आला.

"बारक्या, सुटलास की रे तू," माझ्या पोटाकडे बघून म्हणाला.

लेकीला ही हाक नवीन. ती हसत सुटली. "बाबा, बारक्या?"

मी यंत्रं दाखवत होतो तेवढ्यात मागच्या रांगेत एक जण दुसऱ्यावर डाफरला, "ए, किती आवळतोस, लंबू करशील."

लेकीचा चेहरा पडला. माझे कान तापले. लंबू थांबला, ऐकलं, आणि हसून म्हणाला, "बघ. मी निवृत्त झालो, पण माझं नाव अजून तुझ्याकडे कामाला आहे."

बोलायचं तर तेव्हाच बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "चहा घेऊ."

जाताना त्याने मांडणीवरचा एक दगड उचलून बोटावर धरला. "वाजव."

मी टिचकी मारली. "खणखणीत."

"तू कशाला सांगायला हवंस. धरणाऱ्याच्या बोटाला कळतं. चांगला दगड थरथरतो. फुटका मेल्यासारखा लटकतो."

"शाळेतली घंटा वाजवून वाजवून शिकलास वाटतं," मी म्हटलं.

"तसं समज," म्हणाला.

१५ मार्च, शनिवार

मनाचा हिय्या करून त्याच्या घरी गेलो. दुसरा मजला, अरुंद जिना, दाराशी पाण्याची पिंपं. तो नव्हता, डॉक्टरकडे गेला होता. त्याची मोठी बहीण होती. आम्ही तिला ताईच म्हणायचो.

"या शेठ. रस्ता चुकलात?"

"ताई, मला कसला शेठ म्हणतेस."

"मग काय म्हणू? त्रेचाळीस वर्षांत हाक मारायची सवय गेली." पण खुर्ची पुढे केली. भाजी निवडत बोलत राहिली. लंबूच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, दोन एप्रिलला ऑपरेशन. साखर जास्त, म्हणून तीन-चार दिवस ठेवून घेणार. "मोतीबिंदूचं कुणी मनावर घेत नाही. पण याच्याकडे दुसरा डोळा कुठे आहे? बिघडलं तर अंधारच."

मी जरा वेळाने विचारलं, तो त्या दिवसाबद्दल कधी काही बोलतो का?

"काय बोलणार? मी शंभरदा विचारलं, अरे, तुझा हात इतका हलका, तू नट आवळलासच कसा? तर एकच पालुपद, मीच आवळला, विषय संपला. मिस्त्री खाटेशी येऊन बसला होता. त्याला तुझाच संशय होता बरं का. त्यालाही हा तेच म्हणाला."

म्हणजे त्याला स्वतःलाच तसं वाटतंय. इतकी वर्षं तेच ऐकून माणसाला आपली चूक खरी वाटू लागत असेल. जिना उतरताना मला एकदम हलकं वाटलं. ज्याचं त्यालाच पटलेलं आहे, तर आपण कशाला ढवळा?

संध्याकाळी १३८/८६. महिन्यातला सगळ्यात चांगला आकडा. तो आकडा बघून मला स्वतःची शिसारी आली.

१९ मार्च, बुधवार

लंबूला चहाच्या टपरीवर बोलावलं. घरापासून बरंच लांब.

म्हटलं, "लंबू, त्या दिवसाचं तुला एक सांगायचंय."

"सांगू नकोस."

"ऐकून तर घे."

"बारक्या, मी शनिवारी तुझ्या माणसांसमोर उभा राहणार आहे. पोरीने प्रेमाने विचारलं, मी शब्द दिलाय. तोंडपाठ करून ठेवलंय काय बोलायचं ते. तू आता काही सांगितलंस तर माझी पंचाईत होईल." मग टपरीवाल्याला म्हणाला, "याला बिनसाखरेचा दे, याच्या बायकोचा मला फोन येईल."

त्याला ऐकायचंच नाही, त्याला मी काय करणार. दोन मिनिटं असंही वाटलं की माझ्याकडून प्रयत्न झाला.

२१ मार्च, शुक्रवार

१६२/१००. उद्या तो उभा राहून म्हणणार, चूक माझी होती. आणि मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवणार. लेकीने माझ्यासाठी हाताची खुर्ची ठेवायला सांगितली आहे.

२२ मार्च, शनिवार

झालं.

जेवणाच्या खोलीत बाकं लावली होती. छत्तीस माणसं. भिंतीवर माझा नियम रंगवलेला: दगड वाजवल्याशिवाय चढवायचा नाही. बाहेरचे पाहुणे आले की त्यासमोर माझा फोटो काढतात.

लंबू इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. उभा राहिला. "मीच तो लंबू. तुम्ही रोज माझ्या नावाने ओरडता म्हणे. शाळेत तीस वर्षं होतो, तिथे पोरं घाबरत नव्हती. इथे बरा दरारा आहे." सगळे खळखळून हसले. फोरमन तर डोळे पुसत होता.

"तर झालं असं. मी दगड चढवला. आणि नट..."

मी उठलो. हाताच्या खुर्चीतून उठायला वेळ लागतो. तेवढ्यात तो थांबला होता.

म्हणालो, "नट त्याने बरोबर आवळला होता. सकाळी दगड माझ्या हातून पडला होता. वाजवलाही मीच. बद्द वाजला. मी खणखणीत म्हणालो. नंतर मिस्त्रीला सांगितलं, याने आवळला. तुम्हालाही, हा कारखाना काढल्यापासून तेहतीस वर्षं, तेच सांगत आलो. लंबू करणं वगैरे सगळं खोटं आहे."

पाठ केल्यासारखं बोलून गेलो. मागे हवेचा पंप सुरू होता, तोही नेमका तेव्हा बंद पडला. फोरमन स्वतःच्या बुटांकडे बघत होता. लेक माझ्याकडे बघत होती. तिच्याकडे मला बघवेना.

लंबू म्हणाला, "बस खाली, बारक्या. रक्तदाब आहे ना तुला."

एक-दोघे हसले.

"आता माझी चूक ऐका," तो माणसांना म्हणाला. "दगड माझ्या बोटावर होता. तो फुटका आहे हे याच्याबरोबर मलाही कळलं होतं. तरी चढवला. दगड चालू करताना बाजूला उभं राहायचं असतं, तर मी दगड आणि मिस्त्रीच्या मधे उभा राहिलो, त्याला दिसू नये म्हणून. म्हणजे थेट दगडासमोर. तर दोस्ताचं झाकायचं असेल तर खुशाल झाका, पण दगडासमोर उभं राहून नाही. इतकंच. चहा कुठे आहे?"

मी खाली बसलो.

नंतर अंगणात, पात्यांच्या रिकाम्या खोक्यांपाशी, मी त्याला गाठलं.

"तुला ठाऊक होतं?"

"बोट माझंच होतं की."

"मग चढवलास कशाला?"

"मिस्त्री दारात उभा. तुझा बाप अंथरुणावर. म्हटलं, दोन मिनिटं फिरवू, मग डुगडुगतोय म्हणून उतरवू. पोरकटपणा होता. चौदा वर्षांचे तर होतो."

"आणि मी तुझं नाव घेतलं ते?"

"ते मिस्त्रीनेच सांगितलं, खाटेशी बसून. तेव्हा राग आला. शिव्या दिल्या मनात. पण मग म्हटलं, एकाचं गेलंय ते गेलंय, दुसऱ्याचं काम तरी राहू दे." त्याने चष्मा काढून रुमालाने पुसला. तो डोळा मी पहिल्यांदाच पाहिला. "ते सगळं गेलं रे डोक्यातून. एक गेलं नाही."

"काय?"

"एकवीस दिवस खाटेवर होतो. दोन्ही डोळ्यांवर पट्टी. भेटायची वेळ चार ते सहा. जिन्यावर पावलं वाजली की मी ओळखायचो. ही ताईची, ही आईची, ही शेजारच्या खाटेवाल्याच्या मुलाची. आपला खेळच तो. तुझी काही वाजली नाहीत."

फाटकापर्यंत आलो होतो, असं सांगणार होतो. सांगितलं नाही. फाटकावर मी काय उत्तर दिलं तेही मग सांगावं लागलं असतं.

तो गेला. नट, मिस्त्री, शब्द, त्रेचाळीस वर्षं मी या सगळ्याची लाज बाळगली. दवाखान्याचं मी याच वहीत चार ओळींत उरकलंय. आता मागे जाऊन वाचलं. "जमलं नाही" असं लिहिलंय.

२४ मार्च, सोमवार

लेक कामापुरतं बोलते. पुस्तकातलं ते पान तिने काढलं. मी म्हटलं, पान काढू नकोस, खरं छाप. ती म्हणाली, "मग तुम्हीच लिहून द्या. तुमच्या अक्षरात." देईन.

बायकोला म्हटलं, लग्नाआधी सांगायला हवं होतं.

"सांगितलं असतंत तरी केलं असतं लग्न," ती म्हणाली. "पण दर पाहुण्यापुढे लंबूची गोष्ट रंगवून सांगायचात आणि मी हसायची. ते हसू तरी वाचलं असतं माझं."



२७ मार्च, गुरुवार

आज मांडणीच्या पलीकडून ऐकलं. एकाने दगड धरला होता, दुसऱ्याने टिचकी मारली आणि जरा घुटमळला. पहिला म्हणाला, "बद्द आहे तर बद्द म्हण. बारक्या करू नकोस."

त्यांना मी दिसलो नव्हतो. आल्या पावली गुपचूप परत फिरलो. केबिनमध्ये बसल्यावर कळलं, मी हसतोय. मग ते थांबलं. शब्द बरोबर पाडलाय पोरांनी. माझ्यापेक्षा बरोबर.

२ एप्रिल, बुधवार

ऑपरेशन सकाळी झालं. पट्टी परवा निघणार, तोवर दिसेल की नाही ते कुणी सांगत नाही.

भेटायची वेळ इथेही चार ते सहा. मी साडेतीनपासून बाहेर बाकावर. बाकीची माणसं फळं वगैरे घेऊन आलेली, मी हात हलवत. चारला फाटक उघडलं. तिथल्या बाईंनी रजिस्टर पुढे सरकवलं. पेशंटचं नाव, तुमचं नाव, नातं.

नातं या रकान्याशी पेन अडलं. मागे रांग. "काका, लिहा पटकन," मागून कुणीतरी म्हणालं. मित्र लिहायला हात धजेना. तो शब्द मी कुठल्या तोंडाने लिहू? 'सोबत कामाला' असं लिहिलं.

जिना चढून गेलो. लंबू डोळ्यावर पट्टी बांधून उताणा. मी दारातच होतो तर म्हणाला, "उजवा पाय ओढतोस हल्ली. गुडघा दाखव कुणाला तरी."

मी बसलो. ताईने आपलं स्टूल मला दिलं आणि स्वतः खाटेच्या कडेला टेकली. पंख्याचं बेअरिंग गेलंय, असं मी म्हटलं. तो म्हणाला, दुपारपासून तेच ऐकतोय. सहाला घंटा झाली तेव्हा उठलो. ये म्हणाला नाही, नको येऊस असंही म्हणाला नाही.

३ एप्रिल, गुरुवार

बरोबर चारला फाटकाशी. ताई औषधं घेऊन आत जात होती, मला बघून थांबली. आज मला शेठ म्हणाली नाही.

"काल जाताना मी सही करायला गेले तेव्हा तुझी ओळ वाचली," म्हणाली. "त्याला वाचून दाखवली."

"मग?"

"मग म्हणाला, त्याला सांग, उद्या नीट लिही."

ती पुढे गेली. बाईंनी रजिस्टर सरकवलं. आजही मागे रांग होती, पण कुणाला घाई करावी लागली नाही.

उद्या पट्टी निघणार. चारला जायचंय.

आकडा आज घेतलाच नाही.